तौलनिक उत्पादन चाचणी आणि तिची निःपक्षता

तौलनिक उत्पादन चाचणी म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एकाच प्रकारच्या अनेक उत्पादनांची समान परिस्थितीत तपासणी करून त्यांची गुणवत्ता, सुरक्षितता, टिकाऊपणा आणि किंमत यांची ग्राहकांच्या माहितीसाठी केलेली तुलना होय. अशा चाचण्यांचे निष्कर्ष ग्राहक संघटनांची नियतकालिके, वृत्तपत्रे, विशेष विषयांना वाहिलेली मासिके आणि महाजालावरील संकेतस्थळे यांतून प्रसिद्ध होतात. प्रेशर कुकर, पंखा, खाद्यतेल किंवा मोटारगाडी विकत घेताना सामान्य माणूस त्या वस्तूची शास्त्रीय तपासणी स्वतः करू शकत नाही. त्याला कोणाच्या तरी शब्दावर विसंबून राहावे लागते. म्हणून चाचणी करणारी संस्था निःपक्ष आहे किंवा नाही, या प्रश्नाला ग्राहक चळवळीत आरंभापासून मध्यवर्ती स्थान आहे.

या प्रश्नाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. निःपक्षता हा चाचणी करणाऱ्याच्या हितसंबंधांचा प्रश्न आहे, तर अचूकता हा चाचणीच्या पद्धतीचा. कोणाकडूनही पैसा न घेणारी संस्था सदोष पद्धतीमुळे चुकीचा निष्कर्ष काढू शकते. उलट, उत्पादकाने पैसे दिलेली चाचणीही तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असू शकते. संस्थेच्या केवळ नावलौकिकावरून तिच्या प्रत्येक अहवालाची विश्वासार्हता ठरत नाही. खर्च कोणी केला, नमुना कोणी निवडला, काय मोजले आणि चूक आढळल्यास ती जाहीर केली काय, या चार बाबींवरून ती पारखता येते.

प्रमाणन आणि तुलना यांतील फरक

प्रमाणन आणि तौलनिक चाचणी या दोन संकल्पनांची बरेचदा गल्लत होते. भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह किंवा शेतमालावरील अ‍ॅगमार्क चिन्ह ते उत्पादन ठरवून दिलेल्या किमान मानकास उतरते एवढेच सांगते. एकाच चिन्हाच्या दोन उत्पादनांपैकी अधिक चांगले कोणते, हे त्यावरून कळत नाही. तौलनिक चाचणी नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर देते आणि त्यामुळे उत्पादकांचा रोषही तिलाच अधिक पत्करावा लागतो. भारतात २००६ मध्ये सुरू झालेल्या ऊर्जा बचतीच्या तारांकन योजनेचे स्वरूप आणखी वेगळे आहे. तीत उत्पादक स्वतः चाचणीचे आकडे सादर करतो आणि शासकीय यंत्रणा बाजारातील काही नमुने घेऊन त्यांची पडताळणी करते.

इतिहास

१९२७ मध्ये स्टुअर्ट चेस आणि फ्रेडरिक श्लिंक यांचे 'युवर मनीज वर्थ' हे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. जाहिरातींतील दावे आणि वस्तूंची प्रत्यक्ष गुणवत्ता यांतील तफावत त्यात दाखविली होती. पुस्तकाला मिळालेल्या प्रतिसादातून १९२९ मध्ये 'कन्झ्युमर्स रिसर्च' ही संस्था उभी राहिली. १९३५ मध्ये तिच्या कर्मचाऱ्यांनी संघटना स्थापन करण्याच्या प्रश्नावरून संप केला. या संपातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे 'कन्झ्युमर्स युनियन' ही संस्था काढली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे तिचेच मासिक होय. जाहिराती न घेणे, तपासणीसाठीच्या वस्तू सामान्य ग्राहकाप्रमाणे दुकानातून विकत घेणे आणि आपल्या निकालांचा वापर उत्पादकांना जाहिरातीत करू न देणे ही या संस्थेची तत्त्वे पुढे इतर संस्थांना आदर्शवत ठरली. आरंभीच्या काळात अनेक अमेरिकी वृत्तपत्रांनी व मासिकांनी या संस्थेची जाहिरात छापण्यास नकार दिला होता. जाहिरातदारांना दुखवण्याची भीती प्रकाशकांना किती वाटत असे, हे त्यावरून दिसते.

ब्रिटनमध्ये मायकेल यंग यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये 'कन्झ्युमर्स असोसिएशन' स्थापन झाली. लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील एका गॅरेजमधून तिचा कारभार सुरू झाला आणि त्याच वर्षी तिच्या 'विच?' या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. १९६० मध्ये अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलिया या पाच देशांतील संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय ग्राहक संघटना उभारली. पश्चिम जर्मनीने मात्र वेगळा मार्ग पत्करला. तेथे १९६४ मध्ये संघराज्य शासनाने 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' हे प्रतिष्ठान बर्लिन येथे स्थापन केले. शासकीय निधीचा आधार असूनही चाचणीचे विषय आणि निष्कर्ष ठरविण्याचे स्वातंत्र्य या प्रतिष्ठानाकडे राहिले.

निःपक्षतेवर परिणाम करणारे घटक

अर्थपुरवठा

चाचणीचा खर्च मोठा असतो. वस्तू विकत घ्याव्या लागतात, त्यांतील कित्येक चाचणीत नष्ट होतात आणि प्रयोगशाळेचे शुल्कही द्यावे लागते. हा खर्च वाचकांची वर्गणी, शासकीय अनुदान, देणग्या, जाहिराती, चिन्ह वापरण्याचे शुल्क किंवा विक्रीवरील दलाली यांतून भागविला जातो. यांतील प्रत्येक मार्गाबरोबर वेगळा धोका येतो.

जाहिरातींवर चालणाऱ्या नियतकालिकाला ज्यांच्या वस्तूंचे परीक्षण करायचे त्यांच्याकडूनच उत्पन्न मिळवावे लागते. जोनाथन रॉयटर आणि एरिक झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील अर्थविषयक प्रकाशनांनी म्युच्युअल फंडांची केलेली भलावण आणि त्या फंडांनी दिलेल्या जाहिराती यांची तुलना केली. वैयक्तिक गुंतवणुकीला वाहिलेल्या मासिकांत या दोहोंमध्ये संबंध आढळला. अभ्यासलेल्या दोन राष्ट्रीय वृत्तपत्रांत तो आढळला नाही. या प्रकारच्या प्रभावासाठी लाचेची आवश्यकता नसते. कोणत्या वस्तूची दखल घ्यायची आणि कोणत्या वस्तूबद्दल मौन बाळगायचे, एवढ्या निवडीतूनही तो व्यक्त होऊ शकतो.

जाहिराती आणि शिफारस यांच्या सरमिसळीचे जुने उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'गुड हाउसकीपिंग' मासिकाचे मान्यताचिन्ह. १९०९ पासून दिल्या जाणाऱ्या या चिन्हाबाबत आणि त्यासोबतच्या हमीबाबत तेथील संघराज्य व्यापार आयोगाने १९३९ मध्ये दिशाभूल केल्याची तक्रार दाखल केली आणि पुढे १९४१ मध्ये मनाई आदेश काढला.

जाहिराती नाकारणाऱ्या संस्थाही आर्थिक प्रश्नांतून पूर्णपणे सुटलेल्या नाहीत. श्टिफ्टुंग वारेनटेस्टचे निकालचिन्ह जाहिरातीत वापरण्यासाठी २०१३ पासून उत्पादकांना शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'च्या संकेतस्थळावरील दुव्यांवरून खरेदी झाल्यास संस्थेला विक्रेत्याकडून दलाली मिळते आणि संस्था तसे जाहीर करते. हे उत्पन्न निकालापूर्वी ठरलेले आहे की निकालावर अवलंबून आहे, तसेच चाचणी विभागाला त्याची माहिती असते काय, हे मुद्दे येथे महत्त्वाचे ठरतात.

नमुन्याची निवड

उत्पादकाने परीक्षणासाठी पाठविलेली वस्तू आणि दुकानातील वस्तू एकसारखी असेलच याची खात्री नसते. निवडक, काळजीपूर्वक जुळविलेला नमुना पाठविणे उत्पादकाच्या सोयीचे असते. यासाठीच प्रमुख ग्राहक संस्था आपली ओळख न देता किरकोळ दुकानातून खरेदी करतात. तथापि दुकानातून घेतलेला एखादा नमुनाही त्या उत्पादनाचे संपूर्ण प्रतिनिधित्व करीलच असे नाही. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन यंत्रांतही फरक असू शकतो. काही आठवड्यांच्या चाचणीतून दहा वर्षांचा टिकाऊपणा कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' आपल्या सभासदांकडून त्यांच्या वापरातील वस्तूंच्या बिघाडांची माहिती गोळा करते. अशा सर्वेक्षणाचीही मर्यादा असते, कारण त्यात केवळ सभासदांचाच अनुभव उमटतो.

चाचणी आधीच ठाऊक असल्यास उत्पादन तिला जुळवून घेऊ शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फोक्सवागन प्रकरणाचे आहे. प्रयोगशाळेतील चाचणी सुरू असल्याचे ओळखून धुरातील प्रदूषके कमी करणारी संगणक प्रणाली या कंपनीने आपल्या डिझेल मोटारींत बसविली होती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रत्यक्ष रस्त्यावर मोजणी केल्यामुळे तफावत उघडकीस आली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कारवाई जाहीर केली. प्रयोगशाळेतील मोजमाप खोटे नव्हते. मात्र ते रस्त्यावरील वास्तवाचे मोजमाप नव्हते.

निकष आणि गुणभार

कोणत्याही हितसंबंधाशिवायही निकाल बदलू शकतो, कारण वेगवेगळ्या गुणांना किती महत्त्व द्यायचे हे माणसेच ठरवितात. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. 'अ' आणि 'ब' या दोन मिक्सरना दहापैकी पुढीलप्रमाणे गुण मिळाले असे समजू.

'अ' : वाटण्याची क्षमता ९, आवाज ४, विजेचा वापर ६
'ब' : वाटण्याची क्षमता ६, आवाज ९, विजेचा वापर ८

वाटण्याच्या क्षमतेला ६० टक्के आणि उरलेल्या दोन गुणांना प्रत्येकी २० टक्के भार दिला, तर 'अ'ला ७.४ आणि 'ब'ला ७.० गुण मिळतात. 'अ' पहिला येतो. वाटण्याला ४०, आवाजाला ४० आणि विजेला २० टक्के भार दिला, तर 'अ'ला ६.४ आणि 'ब'ला ७.६ गुण मिळून क्रम उलटतो. दोन्ही वेळा मोजमापे तीच आहेत आणि कोणीही लबाडी केलेली नाही. रोज डाळ-तांदूळ वाटणाऱ्या घराला पहिला निकाल उपयोगी आहे, तर तान्हे मूल झोपलेल्या घराला दुसरा. म्हणून अंतिम क्रमांकाबरोबर प्रत्येक निकषाचे गुण आणि भार छापणे आवश्यक मानले जाते. तौलनिक चाचणीची सर्वसाधारण तत्त्वे आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थांच्या ४६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत दिलेली आहेत.

वादग्रस्त प्रकरणे

बोस ध्वनिवर्धक : १९७० मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने बोस कंपनीच्या ध्वनिवर्धकांचे परीक्षण छापले. वाद्यांचे आवाज खोलीभर भटकल्यासारखे वाटतात, अशा आशयाच्या विधानावर कंपनीने दावा दाखल केला. आवाज खोलीभर नव्हे, तर दोन ध्वनिवर्धकांमधील भिंतीच्या रेषेत सरकत होते, असा तिचा मुद्दा होता. कनिष्ठ न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. तथापि अपील न्यायालयाने तो फिरविला आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा निर्णय कायम केला. शब्दयोजना चुकली असली तरी विधान खोटे असल्याचे जाणून ते छापल्याचे सिद्ध होत नाही, हे या निर्णयाचे सार होते.

सुझुकी सामुराई : १९८८ मध्ये याच मासिकाने सुझुकीच्या सामुराई या गाडीला ती उलटण्याच्या धोक्यामुळे 'अस्वीकारार्ह' ठरविले. गाडी डगमगेपर्यंत चाचणीचा मार्ग बदलण्यात आला, असा कंपनीचा आरोप होता व संस्थेला तो मान्य नव्हता. १९९६ मध्ये सुरू झालेला हा दावा २००४ मध्ये पैशाच्या देवघेवीविना तडजोडीने मिटला.

बालकांची मोटार-आसने : २००७ च्या आरंभी 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने तान्ह्या मुलांसाठीची बहुतेक मोटार-आसने बाजूने होणाऱ्या धडकेत निकामी ठरतात असे जाहीर केले. चाचणी ताशी सुमारे ६१ किलोमीटर वेगाच्या धडकेची असल्याचे सांगितले होते. शासकीय तज्ज्ञांनी पुन्हा तपासले असता प्रत्यक्षातील परिस्थिती ताशी ११० किलोमीटरहून अधिक वेगाच्या धडकेसारखी होती, असे आढळले. संस्थेने काही दिवसांतच अहवाल मागे घेतला आणि चूक कशी झाली याची तज्ज्ञांकरवी चौकशी केली. जाहिरात न घेणारी, दुकानातून खरेदी करणारी संस्था येथे पूर्णपणे निःपक्ष होती, तरी निष्कर्ष चुकीचा होता. मधल्या काळात आपल्या मुलाचे आसन सुरक्षित नाही असा समज झालेल्या पालकांनी ते वापरणेच सोडले असते, तर धोका वाढला असता.

रिटर स्पोर्ट चॉकलेट : २०१३ मध्ये श्टिफ्टुंग वारेनटेस्टने रिटर स्पोर्टच्या एका चॉकलेटमधील सुवासिक द्रव्य रासायनिक रीतीने बनविलेले असूनही ते नैसर्गिक म्हटले आहे, असे सांगून त्याला नापास केले. म्युनिकच्या न्यायालयाने व २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही हे विधान पुरेशा आधाराविना केल्याचे ठरवून त्यास मनाई केली. जर्मन सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच अशा चाचण्यांसाठी तटस्थता, वस्तुनिष्ठतेचा प्रामाणिक प्रयत्न आणि तज्ज्ञता या अटी घातल्या होत्या. त्या पाळल्यास मूल्यमापनाबाबत संस्थेला बरेच स्वातंत्र्य मिळते.

एडीएसी : जर्मनीतील या मोटारचालक संघटनेच्या 'पिवळा देवदूत' पुरस्कारासाठी वाचकांनी दिलेल्या मतांचे आकडे फुगविल्याचे जानेवारी २०१४ मध्ये उघड झाले. पहिल्या आलेल्या मोटारीला ३४,२९९ मते मिळाल्याचे सांगितले होते. प्रत्यक्ष आकडा ३,४०९ होता. प्रसिद्धी विभागाच्या प्रमुखांनी आणि पाठोपाठ अध्यक्षांनी पद सोडले. वरील इतर प्रकरणांत वाद पद्धतीचा किंवा शब्दांचा होता. येथे मात्र आकडेच बनावट होते.

भारतातील स्थिती

मुंबईत १९६६ मध्ये ९ महिलांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन केली. भेसळ आणि वजनमापातील फसवणूक यांबरोबरच उत्पादनांची तपासणीही तिने हाती घेतली. अहमदाबाद येथे मनुभाई शाह यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने स्वतःची प्रयोगशाळा उभारली. दिल्लीतील 'व्हॉइस' ही संस्था 'कन्झ्युमर व्हॉइस' या नियतकालिकातून तौलनिक चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करते. वर्गणीदार मर्यादित असल्याने भारतीय संस्थांना शासकीय अनुदानाचा आधार घ्यावा लागतो.

भारतातील दोन मोठ्या प्रकरणांत चाचणीचे निकष आणि प्रयोगशाळेची पात्रता हे मुद्दे ऐरणीवर आले. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीतील विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने शीतपेयांच्या १२ नाममुद्रांमध्ये कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. शीतपेयांतील अशा अंशांसाठी त्या वेळी भारतात स्वतंत्र मर्यादा नव्हती, म्हणून केंद्राने पिण्याच्या पाण्यासाठीची युरोपीय मर्यादा वापरली होती. शासकीय प्रयोगशाळांना आढळलेले प्रमाण कमी होते. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये अहवाल दिला आणि कीटकनाशकांचे अंश असल्याचा केंद्राचा निष्कर्ष योग्य ठरविला.

दुसरे प्रकरण मॅगी नूडल्सचे. कोलकाता येथील केंद्रीय प्रयोगशाळेला एका नमुन्यात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत १७.२ भाग आढळले. अनुज्ञेय मर्यादा २.५ भागांची होती. जून २०१५ मध्ये देशभर विक्रीबंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी ही बंदी रद्द केली. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांना कायद्यानुसार आवश्यक अधिस्वीकृती नव्हती आणि कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाच्या आदेशावरून तीन अधिस्वीकृत प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि शिशाचे प्रमाण मर्यादेत आढळले. चाचणी शासनाने केली असली, तरी केवळ तेवढ्याने तिचा निकाल ग्राह्य ठरत नाही, हे या निर्णयाने अधोरेखित केले.

महाजालावरील परीक्षणे

महाजालामुळे परीक्षण करणे कोणालाही शक्य झाले आणि प्रयोगशाळेतील चाचणी, वापरणाऱ्याचा अनुभव व छुपी जाहिरात यांतील सीमारेषा पुसट झाल्या. फुकट मिळालेली वस्तू, विक्रीवरील दलाली किंवा थेट मोबदला यांचा उल्लेख न करता केलेली शिफारस ही या क्षेत्रातील मुख्य समस्या आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावशाली व्यक्तींसाठी नियम केले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत व पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहकांच्या महाजालावरील अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. आरंभी त्याचे पालन ऐच्छिक ठेवण्यात आले.

स्वतंत्र परीक्षकांच्या जबाबदारीचा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. पॅराशूट खोबरेल तेलावर टीका करणाऱ्या एका चित्रफितीबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी जानेवारी २०२० मध्ये ती काढून टाकण्याचा अंतरिम आदेश दिला. मोठा अनुयायीवर्ग असलेल्या व्यक्तीची जबाबदारी सर्वसामान्य माणसापेक्षा अधिक असते, असे मत त्यात नोंदविले होते. उलट, एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रथिनयुक्त पूरक आहारावर प्रयोगशाळेच्या अहवालांच्या आधारे टीका करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम मनाई करण्यास नकार दिला. टीकेमागे तपासता येण्याजोगा पुरावा आहे काय, हा मुद्दा दोन्ही प्रकरणांत कळीचा होता.

चाचणी अहवालाची पारख

वरील विवेचनावरून वाचकास कोणताही चाचणी अहवाल पुढील प्रश्नांच्या आधारे पारखता येतो.

१. चाचणीचा खर्च कोणी केला आणि निकालामुळे कोणाला उत्पन्न मिळते, हे स्पष्ट लिहिले आहे काय?
२. नमुने दुकानातून विकत घेतले की उत्पादकाने पुरविले? ते किती होते?
३. तपासणी अधिस्वीकृत प्रयोगशाळेत, सर्व उत्पादनांसाठी एकाच पद्धतीने झाली काय?
४. निकष, त्यांचे गुणभार आणि मूळ मोजमापे दिली आहेत, की केवळ क्रमांक जाहीर केला आहे?
५. उत्पादकाला मोजमापांवर म्हणणे मांडण्याची संधी मिळाली काय? श्टिफ्टुंग वारेनटेस्ट प्रसिद्धीपूर्वी मोजमापे उत्पादकांना कळविते, मात्र अंतिम मत कळवीत नाही.
६. नापसंत ठरलेल्या उत्पादनांची नावे छापली आहेत काय? केवळ शिफारशींची यादी असल्यास काय वगळले ते कळत नाही.
७. पूर्वीच्या चुकांची दुरुस्ती संस्थेने उघडपणे प्रसिद्ध केली आहे काय?

या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तरी अहवाल त्रिकालाबाधित ठरत नाही. उत्पादनाची घडण, किंमत आणि मानके बदलत राहतात. एकाच विषयावर परस्परांशी संबंध नसलेल्या दोन संस्थांचे अहवाल जुळत असल्यास निष्कर्षाला बळकटी येते. ते जुळत नसल्यास त्यांचे निकष आणि गुणभार ताडून पाहावे लागतात. तसे केल्यावर फरकाचे कारण पक्षपातात आहे की मोजण्याच्या रीतीत, याचा उलगडा बहुधा होतो.